प्रेमलतावहिनी आणि नववं प्रकरण

महाल भागातल्या गणपतराव लांजेवारांच्या छापखान्यात मी एकवीस वर्षं खिळे जुळवले. माझ्या शेजारच्या केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणांपुढे, रविंद्र भोयर उभा राहायचा. बोटं माझ्यापेक्षा चपळ, तोंड त्याहून चपळ. १९६७ च्या उन्हाळ्यात त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. आधी झाडपाला झाला, मग दवाखाना झाला, आणि सतराव्या दिवशी तो गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याची बायको प्रेमलता चोवीस वर्षांची. मूलबाळ नव्हतं. नंदनवनच्या कडेला दोन खोल्यांचं टिनाचं घर होतं, त्यात आता ती आणि रविंद्रची आई जिजाबाई अशा दोघीच उरल्या.

जिजाबाई स्वतः बाविसाव्या वर्षी विधवा झालेली. बिड्या वळून तिनं रविंद्रला वाढवलं होतं. त्यामुळे पारशिवनीहून प्रेमलतावहिनीचा भाऊ मारोतराव जेव्हा बहिणीला न्यायला आला, तेव्हा आम्हाला वाटलं ही म्हातारी सुनेला सोडायची नाही. झालं उलटंच. त्यांच्या लोकांत बाईचं दुसरं लग्न होत असे आणि मारोतरावांनी एक स्थळही पाहून ठेवलं होतं. जिजाबाई सुनेला म्हणाली, "जाय बाई तू. मी जे केलं तेच तुवं केलं पायजे असं काई नाई."

वहिनी म्हणाली, "मले इथंच राह्यचं हाय, माय."

"काहून वं?"

"तुमच्यासंगं सवय झाली."

एवढंच कारण तिनं दिलं. मारोतराव दोन दिवस राहिले, समजावलं, थोडे रागावले आणि परत गेले.

पाचव्या आठवड्यात ती छापखान्यात आली. पांढऱ्यावर बारीक निळी रेघ असलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी. गणपतरावांसमोर उभी राहून म्हणाली, "मी मॅट्रिक पास हाओ. तुमच्याकडं प्रूफ तपासणारा माणूस टिकत नाही असं हे घरी सांगत जायचे."

गणपतराव दिलदार माणूस, पण धंद्यात भिडस्त नव्हते. त्यांनी बियाण्यांच्या जाहिरातीचं एक कच्चं प्रूफ तिच्यापुढे ठेवलं. ती जिथं उभी होती तिथंच वाचू लागली, ओठ हलवत, स्वल्पविराम आणि पूर्णविराम सुद्धा उच्चारत. अर्ध्या तासानं तिनं कागद परत दिला. त्यावर एकोणीस चुका काढलेल्या होत्या. त्यातल्या चौदा माझ्या.

"श्रीधर," गणपतराव माझ्याकडे पाहत म्हणाले, "खिडकीपाशी टेबल लावून दे बाईले."

अशी प्रेमलतावहिनी आमच्यात आली. मी तिला पहिल्यापासून वहिनी म्हणत होतो, म्हणून मग सगळा छापखाना, मशीनवरचे म्हातारे रामाजी सुद्धा तिला वहिनीच म्हणू लागले. ती फार बोलायची नाही. पण चूक सापडली की पेन्सिल कानामागून काढताना तिच्या चेहऱ्यावर बारीकसं समाधान यायचं, आणि ते पाहून मला राग यायच्या ऐवजी हसू यायचं. सतत चुका दाखवणाऱ्या माणसावर जीव जडावा, असं तिच्याबाबतीत आमचं सगळ्यांचं झालं होतं.

चार वर्षं अशीच गेली. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पंचांगाची पुरवणी. मग १९७१ च्या हिवाळ्यात प्राध्यापक मधुसूदन हरकरे सायकलरिक्षातून दोन गठ्ठे घेऊन उतरले. धंतोलीत राहत. नुकतेच कॉलेजातून निवृत्त झालेले. उंच, वाकलेले, जाड भिंगांचा चष्मा. गठ्ठ्यांत त्यांचं पुस्तक होतं. चोवीस शब्द आणि चोवीस प्रकरणं. आपल्याकडचा एकेक जुना शब्द घ्यायचा आणि त्याचे नातेवाईक लॅटिनमध्ये, जर्मनमध्ये, रशियनमध्ये कुठं कुठं राहतात ते शोधून काढायचं. माता, भ्राता, अश्व, युग, नाव, असे ते शब्द. प्रत्येक शब्दाला तक्ते. तक्ते म्हणजे आम्हा कंपोझिटरांची परीक्षाच. बारीक रेघा, चौकटी, आणि त्यात कधी न पाहिलेली अक्षरं.

"या भाषेचं नाव गॉथिक," हरकरे सर मला समजावून सांगत. "जर्मन, इंग्रजी, डच या सगळ्यांच्या घराण्यातली ही सर्वांत जुनी, जिचं भरपूर लिखाण शिल्लक आहे. सोळाशे वर्षांपूर्वीची. आता बोलणारं कुणी नाही."

"मग चुकलं तरी कोण सांगणार सर?" मी म्हणालो.

ते मोठ्यानं हसले. पण मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं की चूक सांगणारं माणूस खिडकीपाशीच बसलेलं आहे.

आठ प्रकरणं सरळ झाली. नववं प्रकरण मी केसवर लावलं आणि मथळा वाचून माझे हात थांबले. शब्द होता 'विधवा'.

मी तो कागद घेऊन गणपतरावांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, कागद खाली ठेवला. "हे वहिनीले नको देऊ," ते हळू आवाजात म्हणाले. "तूच तपास. मी पाहतो मागून."

मी प्रकरण जुळवलं. वीस पानं, पानोपानी तोच शब्द. प्रूफ काढून मी माझ्या खणात ठेवलं आणि वहिनीच्या टेबलावर दहावं प्रकरण नेऊन ठेवलं. संध्याकाळच्या आत तिनं मला हाक मारली.

"भाऊजी, आठ झालं. हे दहा. नऊ कुठं हाय?"

"ते... सरांकडं हाय. थोडं बदलायचं म्हणत होते."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला खोटं नीट बोलता येत नाही, हे रविंद्रनं तिला नक्की सांगितलेलं असणार. "पान एकशे बारानंतर एकशे तेहतीस लागलं हाय. म्हंजे तुम्ही वीस पानं जुळवून ठेवली. द्या इकडं."

मी खणातून गठ्ठा काढून दिला. तिनं वरचा मथळा वाचला. आम्ही दोघं, मी आणि आपल्या खोलीच्या काचेमागून गणपतराव, तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ती म्हणाली, "यासाठी लपवलं का? चार वर्षं झाली भाऊजी. मले तो शब्द ठाऊक हाय." आणि तिनं गठ्ठा कापडी पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी रविवार होता, घरी तपासणार होती.

त्या रविवारी घरी काय झालं ते मला नंतर जिजाबाईनंच सांगितलं, आणि पुढं कितीतरी वेळा सांगितलं. जिजाबाई दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसली होती. वहिनी आत चटईवर. तिला मोठ्यानं वाचायची सवय. तक्ता आला तसा तो तिनं चौकटीतलं एकेक घर घेत वाचायला सुरुवात केली. "विदुवो. विदुवोन. विदुवोन. विदुवोन्स."

"काय वं हे? मंत्र हाय का?" जिजाबाईनं विचारलं.

"नाही माय. विधवा. कोण्या जुन्या लोकांच्या भाषेत विदुवो म्हणत. विदुवोन म्हंजे विधवेला. विदुवोन्स म्हंजे विधवेची, नाहीतर पुष्कळ विधवा."

"तिकडंही होत्या का?"

"सगळीकडंच होत्या म्हणते इथं."

जिजाबाईनं हातातली बिडी सुपात टाकली आणि म्हणाली, "वाच पुन्हा. बरं लागते ऐकाले."

वहिनीनं पुन्हा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना ती एका घरापाशी अडखळली. त्याच प्रकरणात शेजारी आणखी एक तक्ता होता, 'तुंगो' या शब्दाचा. तुंगो म्हणजे जीभ. सरांनी लिहिलं होतं की विदुवो हा शब्द अगदी तुंगोसारखाच चालतो. वहिनीनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. तुंगो, विदुवो. तुंगोन, विदुवोन. तुंगोन्स, विदुवोन्स. अनेकवचनात चतुर्थीच्या घरात जिभेला 'तुंगोम' होतं. विधवेच्या त्याच घरात 'विदुवोन'. सात घरं जुळत होती, आठवं जुळत नव्हतं.

सोमवारी तिनं ते दाखवलं तसे गणपतराव माझ्यावरच घसरले. "काहून गा श्रीधर, झोपून राहिला होता का जुळवताना?"

"त्याईची चूक नाही," वहिनी म्हणाली आणि सरांचं हस्तलिखित पुढं केलं. तिथंही 'विदुवोन'च होतं, सरांच्या स्वतःच्या अक्षरात.

गणपतरावांनी हस्तलिखित ताडून पाहिलं. मग म्हणाले, "मग असू दे. ते प्रोफेसर हायेत. त्याईले त्या भाषेतलं कळते. आपल्याले काय समजते?"

वहिनीनं कानामागची पेन्सिल काढली. तिनं प्रुफाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'तुंगोच्या तक्त्यात या जागी तुंगोम आहे. इथे विदुवोम हवे का?' आणि प्रूफ धंतोलीला पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर स्वतः आले. धापा टाकत, हातात तोच कागद. "हे कुणी लिहिलं?"

गणपतराव उठून उभे राहिले. माफी मागायच्या तयारीत होते. वहिनी खिडकीपाशी उभी राहिली. "मी, सर."

"तुम्हाला गॉथिक येतं?"

"नाही सर. मी घरं मोजली."

सर तिच्याकडे असे पाहत राहिले की मला वाटलं आता रागावतील. मग ते समोरच्या स्टुलावर बसले आणि चष्मा पुसू लागले. "तीस वर्षं मी हा तक्ता पोरांना शिकवला. आणि पुस्तकात चुकीचा लिहिला. विदुवोमच हवं, बाई. अगदी विदुवोमच."

वहिनीनं पेन्सिल कानामागून काढली, दुरुस्ती केली. मग सर उठायच्या आत म्हणाली, "सर, एक विचारू? शाळेत आम्हाला शिकवलं होतं की धव म्हणजे नवरा, आणि वि म्हणजे नसलेला. जिला धव नाही ती विधवा. तुम्ही इथं तसं नाही म्हटलं."

"नाही म्हटलं, कारण मला ते खरं वाटत नाही." सर उत्साहानं पुढं सरकले. "असं पाहा. विधवा हा शब्द सगळीकडे सापडतो. लॅटिनमध्ये विदुआ. रशियनमध्ये वदवा. गॉथिकमध्ये विदुवो. इंग्रजीत विडो. म्हणजे हे सगळे लोक एका ठिकाणी होते, तेव्हापासूनचा हा शब्द. पण नवरा या अर्थाचा धव? तो या बहीण-भाषांपैकी एकीकडेही नाही. फक्त आपल्याकडे. तोही मागाहून आलेला."

"मग आला कुठून?"

"विधवेतूनच. लोकांनी विधवा शब्द ऐकला. वि म्हणजे नसणं, हे त्यांना इतर शब्दांवरून माहीत होतं. त्यांनी वि तोडला. मागं राहिलं धवा. मग त्यांना वाटलं, धव म्हणजे नवराच असणार. असा तो धव जन्माला आला. आणि एकदा धव मिळाल्यावर सधवा हा शब्दही तयार झाला. आधी विधवा, मग धव, मग सधवा."

मशीनवरचे रामाजी काम थांबवून ऐकत होते. वहिनीनं पेन्सिल पुन्हा कानामागं खोचली. मग तिनं विचारलं, "मग विधवेचा खरा अर्थ?"

"मुळाशी वेगळं होणं आहे. सुटणं. त्यात नवरा कुठंच नाही. शब्द त्या बाईबद्दल आहे."

तिनं मान हलवली. आणि मग, प्रूफ तपासणारीच ती, पुढचा प्रश्न विचारला. "पण सर, संस्कृतात विधवा मालासारखी चालते. मग या गॉथिक लोकांच्यात जवळजवळ प्रत्येक घरात हा 'न' कुठून आला?"

माझाही तोच प्रश्न होता, जरा वेगळ्या कारणानं. त्या 'न्स'पायी माझ्या केसमधला अर्ध्या न चा खण रिकामा झाला होता.

सर हसले. "मुळात त्यांच्याकडेही ती आकारान्तच असणार. पण त्या घराण्यात शेवटी 'न' येणाऱ्या शब्दांचा गट फार मोठा झाला. माणसांचे, अवयवांचे कितीतरी शब्द त्यात. मग विधवाही आपला जुना गट सोडून त्यांच्यात जाऊन बसली. बोलणाऱ्यांच्या तोंडी जे जास्त रुळतं, तिकडे शब्द जातात. कुणी ठरवून करत नाही."

त्या संध्याकाळी वहिनीनं सगळं जिजाबाईला सांगितलं. मी तेव्हा त्यांच्याकडे होतो, चुलीसाठी आणलेलं सरपण उतरवून देत होतो. जिजाबाईनं ऐकलं, सूप बाजूला ठेवलं. "म्हंजे काय म्हणते तो मास्तर? आधी आपण, मग नवरा?"

"शब्द तसा झाला म्हणतात माय."

"आपल्यापासून नवरा निघाला!" जिजाबाईला हसू फुटलं. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा हसली. वहिनीही हसायला लागली. रविंद्र गेल्यानंतर त्या घरात मी पहिल्यांदाच दोघींना एकत्र हसताना पाहिलं. तंबाखूचा टोपला पायानं लवंडला, तरी जिजाबाईचं थांबेना.

त्यानंतर सरांनी गणपतरावांना सांगूनच टाकलं की आपली प्रूफं फक्त बाईंकडे द्यायची. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. दर गुरुवारी वहिनी दुपारी धंतोलीला जायची. सर मूळ प्रत तोंडपाठ असल्यासारखी सांगायचे आणि ती प्रुफावर बोट फिरवायची. सरांच्या पत्नी शामलाबाई चहा आणून ठेवत आणि आत जात. पहिल्या तीन महिन्यांत वहिनीला त्यांचा आवाज चार-पाच वेळाच ऐकू आला असेल.

दरम्यान मारोतराव पुन्हा एकदा येऊन गेले. या वेळचं स्थळ कोराडीला नोकरीत असलेलं होतं, क्वार्टर मिळालेलं. वहिनीनं भावाला जेवू घातलं, स्थळाची सगळी चौकशी नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, "माणूस चांगला दिसते, दादा. पण माझं पुस्तक अर्ध्यात हाय." मारोतरावांना वाटलं ती परीक्षेला बसली आहे. त्यांनी कौतुकानं पाठीवर हात ठेवला आणि गेले.

पुस्तक मात्र खरंच अर्ध्यात राहायची वेळ आली. १९७३ च्या जानेवारीत, अठरावं प्रकरण मशीनवर असताना, हरकरे सर सकाळी अंघोळीहून आले, खुर्चीत बसले आणि गेले.

पुढचा महिनाभर काम बंद होतं. उरलेल्या प्रकरणांचं हस्तलिखित आमच्याकडे होतं, प्रस्तावनाही सरांनी आधीच लिहून दिली होती. पण नवव्या प्रकरणाच्या शेवटच्या पानांचा फर्मा अजून छापला नव्हता, कारण त्यातल्या एका ओळीवर सरांनी पेन्सिलीनं गोल केला होता. विधवा या शब्दाचा मूळ अर्थ मराठीत सांगताना त्यांनी दोन शब्द लिहिले होते, 'रिकामी झालेली' आणि 'वेगळी पडलेली'. समासात टीप, 'दोन्ही चालतील. मराठीत कोणता बरा, ते पाहावे.' ते पाहायच्या आधीच गेले.

"कोणताही टाक एक," मी म्हणालो.

वहिनी ऐकेना. "तो त्यांचा शब्द हाय. घरच्यांना विचारल्याशिवाय मी नाही टाकणार."

पण घरी विचारायचं कुणाला? मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी होता आणि दिवस झाल्यावर परत गेला होता. शामलाबाई आतल्या खोलीतून बाहेर येत नव्हत्या, भेटायला आलेल्यांना मोलकरीण परत पाठवत होती. वहिनी एकदा गेली आणि पायरीवरून परत आली. हे कळल्यावर जिजाबाई म्हणाली, "मी येतो तुयासंगं. तुले एकटीले कोणी आत नाई घेणार."

दोघी गेल्या. मोलकरणीनं नेहमीप्रमाणे सांगितलं, बाई कुणाला भेटत नाहीत. जिजाबाई तिला म्हणाली, "मले नको भेटू दे. पाणी तर देशील?" ती पाणी आणायला वळली तशी जिजाबाई सरळ आत गेली आणि शामलाबाईंच्या पलंगाशेजारी जमिनीवर बसली. वहिनी संकोचून दारात उभी. पुढचं मला तिनं सांगितलं.

मग जिजाबाई म्हणाली, "जेवले का बाई?"

शामलाबाईंनी मान हलवली, नाही.

"मी आठ दिवस नव्हतो जेवलो. मग भूक लागली. लाज वाटली मले, भूक लागली म्हणून. तुम्ही लाजू नका."

शामलाबाई रडल्या. जिजाबाईनं त्यांना रडू दिलं, पाठीवरून हात फिरवला नाही की काही समजावलं नाही. मोलकरणीनं आणलेलं पाणी तिनं त्यांनाच प्यायला लावलं. थोड्या वेळानं शामलाबाईंनी वहिनीकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही गुरुवारच्या ना? काय काम होतं?"

वहिनीला वाटलं आत्ता नको. पण जिजाबाईनं डोळ्यांनी खुणावलं, वाच. वहिनीनं प्रूफ काढलं, ते प्रकरण कशाबद्दल आहे ते सांगितलं, आणि विचारून, थांबत थांबत, शेवटची दोन पानं वाचली. शामलाबाई ऐकत होत्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, पण सरांनी लिहिलेलं कधी त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं आणि त्यांनीही कधी मागितलं नव्हतं.

"आता इथं दोन शब्द आहेत," वहिनी म्हणाली. "रिकामी झालेली, नाहीतर वेगळी पडलेली. सरांनी ठरवलं नव्हतं."

शामलाबाई विचारात पडल्या. एवढ्यात जिजाबाई तडकली. "रिकामी? मी दिवसाच्या हजार बिड्या वळतो. पाणी भरतो, सरपण फोडतो. पोरगं वाढवलं. रिकामी कोण हाय? रिकामी म्हणणारा तो मास्तर समोर असता तर मी..." आणि एकदम तिला आठवलं की आपण कुणाच्या घरात बसलो आहोत. तिनं तोंडावर हात धरला.

शामलाबाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. मग त्या चक्क हसल्या, ओल्या डोळ्यांनी. "ते असते ना," त्या म्हणाल्या, "तर त्यांनी हे वहीत लिहून घेतलं असतं. दुसरा शब्द ठेवा. वेगळी पडलेली."

जायला निघताना त्यांनी वहिनीला थांबवलं. "गुरुवारी मूळ प्रत कोण वाचतं आता?"

"कोणी नाही."

"माझे वडील पाठशाळेत शिकवत. मला संस्कृत वाचता येतं. ती दुसरी अक्षरं नाही येत."

"ती मी सांगतो तुम्हाला," वहिनी म्हणाली.

असे गुरुवार पुन्हा सुरू झाले. एकीचा आवाज मूळ प्रतीवर, दुसरीचं बोट प्रुफावर. शामलाबाईंना विसर्ग खाल्लेला सहन होत नसे, त्यामुळे माझ्या चुकांची संख्या आणखी वाढली. कधी जिजाबाईही सूप घेऊन जायची आणि धंतोलीच्या त्या फरशीवर बसून बिड्या वळायची. शेजारच्या बायकांना ते पसंत नव्हतं. शामलाबाईंनी जिजाबाईसाठी एक जाड सतरंजी काढून ठेवली.

सगळ्यात शेवटी प्रस्तावना छापायची होती. तिच्या शेवटच्या परिच्छेदात सरांनी आभार मानले होते. गणपतराव लांजेवार, श्रीधर किरपेकर, आणि 'ज्यांनी माझी एक जुनी चूक पकडली त्या श्रीमती प्रेमलता भोयर'. मी ते जुळवताना माझं नाव दोनदा वाचलं, खोटं कशाला बोलू. प्रूफ वहिनीकडून परत आलं तेव्हा त्यात एकच दुरुस्ती होती. 'श्रीमती' हा शब्द तिनं उडवला होता.

गणपतरावांनी तिला बोलावलं. "वहिनी, हे सरांनी मानानं लिहिलं हाय. काहून खोडलं?"

"तुमच्या नावामागं श्री. नाही. भाऊजींच्या नावामागं नाही. मग माझ्याच नावामागं काहून? सारखं पायजे."

गणपतरावांनी कागद पुन्हा पाहिला. प्रूफ तपासणारी म्हणून तिचं बरोबरच होतं. त्यांनी खाली सही केली.

१९७४ च्या ऑक्टोबरात पुस्तक निघालं. प्रती थोड्या काढल्या होत्या, त्याही हळूहळू गेल्या. पुण्याहून एका अभ्यासकाचं पत्र आलं होतं की अलीकडे इतके निर्दोष तक्ते मराठीत पाहिले नाहीत. गणपतरावांनी ते काचेच्या चौकटीत लावलं. वहिनी त्याच्याकडे पाहून म्हणाली, पत्रात 'अलिकडे' ऱ्हस्व लिहिलंय.

तिनं पुढं शामलाबाईंकडे संस्कृत शिकायला सुरुवात केली आणि चाळिसाव्या वर्षी परीक्षा दिली. जिजाबाई १९८१ मध्ये गेली, फार न अडकता, दोन दिवसांच्या तापात. तिला शेवटपर्यंत विदुवोची ती आठही रूपं पाठ होती, पण कशाचं घर कोणतं हे तिला कधीच उमगलं नाही. त्यानंतर टिनाचं घर भाड्यानं देऊन वहिनी धंतोलीत शामलाबाईंकडे राहायला गेली. कुणी कुणाला आधार दिला ते मला सांगता येणार नाही. दोघींनी मिळून मोहल्ल्यातल्या मुलींचा संस्कृतचा वर्ग सुरू केला होता.

एप्रिल १९८६ मध्ये मी त्यांच्याकडे गेलो होतो. छापखान्यात ऑफसेट यंत्र आलं होतं, माझं खिळ्यांचं काम संपलं होतं आणि मला ते कुणाला तरी सांगायचं होतं. कूलर घरघरत होता. आत शिरतो तर दोघी जोरजोरात भांडत होत्या, कुठल्याशा शब्दाचं सप्तमीचं रूप काय, यावर. शामलाबाई तेव्हा बाहत्तर वर्षांच्या, पण माघार घ्यायला तयार नव्हत्या.

"बसा भाऊजी," वहिनी माझ्याकडे न पाहताच म्हणाली. "नाही, बसू नका. त्या फळीवरचा मोठा शब्दकोश काढा आधी. वरचा नाही, खालचा."

मी स्टुलावर चढलो. चहाचं अर्धा तास कुणालाही आठवलं नाही, आणि माझ्या खिळ्यांचं मलाही.